कॉम्प्युटर सुरू होतानाच एरर देऊन बंद पडतोय? फॉर्मॅट मारण्याआधी हे करून बघा

"विंडोज उडाली, फॉर्मॅट मारावं लागेल." जालना असो, परभणी असो की लातूर, सुरू होताना निळी स्क्रीन दाखवणारं मशीन दुकानात नेलं की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं. दुकानदाराच्या बाजूनेही बघा. फॉर्मॅट म्हणजे ठरलेलं काम आणि ठरलेले पैसे. बिघाड शोधत बसलं तर किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. मात्र त्या फॉर्मॅटची खरी किंमत तुम्हाला मोजावी लागते. सेवा केंद्र चालवत असाल तर अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट हे सगळं परत बसवण्यात अख्खा दिवस जातो. मोंढ्यातल्या अडतीवर तर टॅलीचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच पडलेला असतो. आणि मूळ दोष रॅमचा किंवा लाईटचा असेल, तर नव्या कोऱ्या विंडोजवरही तीच निळी स्क्रीन पुन्हा येते.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे. मशीन नेमकं कुठवर येऊन थांबतं ते आधी बघायचं, तेवढाच भाग तपासायचा, डेटा हातात घ्यायचा, मग दुरुस्तीला हात घालायचा. फॉर्मॅट सगळ्यात शेवटी.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी आपल्याकडे ती भरपूर मशीनवर आहे आणि दुरुस्तीच्या पायऱ्या दोन्हींकडे जवळपास सारख्याच. लेखात काही आज्ञा येतील. त्या फोनवरून सांगाव्यात तशा उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. "जागा" म्हटलं की स्पेसबार, "स्लॅश" म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ, "बॅकस्लॅश" म्हणजे तिच्या उलटी झुकलेली रेघ.

आधी फोटो काढा

निळी स्क्रीन आली की बटण दाबून बंद करण्याची घाई करू नका. मोबाइलवर फोटो घ्या. नव्या विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन आता काळी केली आहे, त्यामुळे काळ्या पडद्यावर मजकूर दिसला तरी तीच गोष्ट समजा. त्यावर दोन गोष्टी कामाच्या असतात: "स्टॉप कोड" आणि असलाच तर "व्हॉट फेल्ड" पुढचं फाइलचं नाव. स्क्रीन क्षणात निघून जात असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवून वाचा. फोटो नसला की दुकानात किंवा फोनवर "काहीतरी इंग्रजीत येतंय" एवढंच सांगता येतं, आणि त्यावर कोणीच धड मदत करू शकत नाही.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: शेवटचं नीट चालल्यापासून काय बदललं? लाईट गेली होती का? नवा प्रिंटर, नवी रॅम, दुसरा अँटिव्हायरस? अपडेट चालू असताना कोणी बोर्डाचं बटण बंद केलं? मशीन या टेबलावरून त्या टेबलावर हलवलं? अर्ध्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं, फक्त ते बिघाड झाला तेव्हा हजर असलेल्या माणसाला विचारावं लागतं. आणि तो माणूस बहुतेकदा "मी काहीच नाही केलं सर" असंच म्हणतो. तरी विचारा.

मशीन कुठवर येतं?

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही किंवा बीप-बीप वाजत राहतं, तर विंडोजचा यात काही संबंध नाही. रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड असा शोध घ्यायचा.

कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं काही येतं, तर मशीनला डिस्क सापडत नाही किंवा ते चुकीच्या जागी शोधतंय. सगळ्यात आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही.

"युअर पीसी नीड्स टू बी रिपेअर्ड" असा मजकूर आणि खाली सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ई किंवा एफ असा कोड असेल, तर विंडोज सुरू करून देणारी नोंद बिघडली आहे किंवा ज्या डिस्ककडे ती बोट दाखवते ती सापडत नाही. डिस्क शाबूत असेल तर हा प्रकार दुरुस्त होतो.

विंडोजचा लोगो येतो, ठिपके गोल फिरतात आणि मग निळी स्क्रीन. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. कारण ड्रायव्हर, अर्धवट अपडेट, डिस्क किंवा रॅम यांपैकी काहीही असू शकतं. आणि पासवर्ड टाकून डेस्कटॉप दिसल्यावर मशीन पडत असेल तर बहुधा सुरुवातीला आपोआप चालू होणारं एखादं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

लाईट, अर्थिंग आणि ऊन

पुण्या-मुंबईतल्या माणसाने लिहिलेल्या मार्गदर्शकात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्याकडे तो आधी बघावा लागतो.

प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, डोंगल, पेनड्राइव्ह सगळं उपटा. फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवा. मेन स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि सुरू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून हेच करा. मग पुन्हा लावून बघा. एखाद्या यूएसबी मशीनची वायर आतून शॉर्ट झालेली असते आणि तेवढ्यानेच अख्खा कॉम्प्युटर अडतो. मशीन सुरू झालं तर एकेक वस्तू परत लावत जा; ज्या वस्तूने बंद पडेल ती दोषी.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. वायरमनला बोलवून मल्टिमीटरने बघायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो तेव्हा हा आकडा वाढतो. त्यात पाणी ओतल्यावर मशीन "आपोआप" बरं झालं, असे प्रकार मराठवाड्यात नवे नाहीत. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसत असेल तर स्टॅबिलायझर किंवा चांगला यूपीएस लागेलच.

घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे "यूपीएस मोड"चं बटण आहे का बघा. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बदल व्हायला लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात बंद होऊन परत सुरू होतो. असे झटके रोज बसले की डिस्कवरच्या फाइली एक दिवस खराब होणारच.

बिघाड कोणत्या वेळी होतो तेही बघा. सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडतं, दोन-तीनदा दाबल्यावर सुरू होतं आणि मग दिवसभर चालतं, तर एसएमपीएसवर संशय घ्या. मदरबोर्डवरचे उभे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर तोही पुरावा. उलट, सकाळी नीट आणि दुपारी पत्र्याच्या गाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पडतं, तर उष्णता. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग; ती कशी उघडायची ते पुढे "डिस्क दिसते का?" मध्ये आहे) "हार्डवेअर मॉनिटर" नावाचं पान असतं. तिथे १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. प्रोसेसरचं तापमान नुसतं त्या पानावर बसून ऐंशीच्या वर जात असेल तर पंखा बंद आहे, धुळीने भरलाय किंवा प्रोसेसरवरची पेस्ट वाळली आहे. जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर कॅबिनेट उघडल्यावर कापसाची गादीच सापडते. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आत बराच वेळ धोकादायक करंट राहतो.

रॅम आणि खोडरबर

रॅम खोडरबराने घासण्याची आपल्याकडची पद्धत बरेच जण हसण्यावारी नेतात. पण तिच्यात तथ्य आहे. धूळ आणि दमट हवेमुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि जोड कच्चा होतो. पॉवर केबल पूर्ण काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खटक्या उघडून ती सरळ वर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने हलक्या घासा, भुकटी झटका आणि दोन्ही खटक्या वाजेपर्यंत परत दाबून बसवा. वाळूच्या कागदाने घासणारे महाभागही आहेत. त्याने पट्ट्यांवरचा मुलामाच निघून जातो.

दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. एका रॅमवर चालतं आणि दुसऱ्यावर पडतं, तर शोध संपला. तीच रॅम दुसऱ्या खाचेत चालली तर दोष खाचेचा. विंडोज उघडत असेल तर सर्चमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" शोधून चाचणी लावा. उघडतच नसेल तर दुसऱ्या मशीनवर "मेमटेस्ट८६ प्लस" हे मोफत साधन पेनड्राइव्हवर तयार करा आणि त्यावरून सुरू करून रात्रभर चालू द्या. त्यात एकही चूक दिसली तर रॅम बदलावी लागते. एकच चूक म्हणून सोडून देऊ नका.

डिस्क दिसते का?

मशीन सुरू होताना असेंबल कॉम्प्युटरवर डिलीट किंवा एफ२, एचपीवर एफ१०, डेलवर एफ२, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस उघडतं. तिथे डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर मशीन बंद करून डिस्कच्या दोन्ही वायरी काढून परत लावा, साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी वायर) बदला, मदरबोर्डवरचं दुसरं तोंड वापरून बघा. उंदरांना या केबली आवडतात. केबल बदलूनही नाव येत नसेल आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. प्रत्येक वेळी सुरू केल्याने आतलं नुकसान वाढतं. डेटा मोलाचा असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. स्वस्तातल्या एसएसडी (आत फिरणारा भाग नसलेल्या नव्या डिस्क) मात्र कोणताही आवाज न करता मरतात. आज आहेत, उद्या बायोसमध्ये नावसुद्धा नाही.

डिस्क दिसते आहे, पण "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा कोड येतो, त्यातच घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षावर गेलंय किंवा सुरू होताना एफ१ दाबायला सांगतंय? मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. त्याचा नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात, आणि त्यात "साटा मोड" (डिस्क चालवायची पद्धत) "एएचसीआय"वरून "रेड"वर किंवा उलट गेला की विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. सेल बदला, साटा मोड आधी होता त्यावर ठेवा. आधी काय होता ते आठवत नसेल तर दोन्ही आळीपाळीने करून बघा. या एका सेलपायी कितीतरी मशीन उगाच फॉर्मॅट होतात.

विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यात शिरायचं कसं

पूर्वी एफ८ दाबलं की सेफ मोड (अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारी विंडोज) यायचा. विंडोज ८ पासून ती सोय मुळात बंद असते. आता मार्ग असा: मशीन सुरू करा, ठिपके फिरायला लागले की बटण दहा सेकंद दाबून बंद करा. हे लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" येतं. मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", "ट्रबलशूट" आणि परत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स". पुढची सगळी कामं या पानावरून होतात. हे पानच येत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा, त्यावरून मशीन सुरू (बूट) करा आणि "इन्स्टॉल" न दाबता "रिपेअर युअर कॉम्प्युटर" दाबा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

इथे एक अडथळा येऊ शकतो: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी "की", म्हणजे किल्ली, मागितली जाते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन "डिव्हाइसेस"मध्ये बिटलॉकर कीज बघा. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल तर की त्याच्या खात्यात असणार. त्याला फोन लावा. की मिळाल्याशिवाय आतला डेटा कोणालाही, कितीही पैसे देऊन, काढता येत नाही.

दुरुस्तीआधी डेटा बाहेर

याच पानावरचा "कमांड प्रॉम्प्ट" उघडा आणि "नोटपॅड" टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल, मग ओपन, आणि खालच्या यादीत "ऑल फाइल्स" निवडा. आता ही खिडकी साध्या फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते. "धिस पीसी"मध्ये जाऊन "यूजर्स" फोल्डरमधलं तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचं डेटा फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करा. कॉपी चालू असताना हिरवी पट्टी वगैरे काही दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका. मोठं फोल्डर एकदम न घेता थोडं थोडं घ्या.

हे न करता थेट डिस्क दुरुस्तीची आज्ञा चालवणारे बरेच आहेत. मरणाच्या दारात असलेल्या डिस्कवर पूर्ण तपासणी लावली तर ती तपासणीतच जाऊ शकते.

अपडेट मागे घ्या, सेफ मोडमध्ये जा

अपडेट चालू असताना लाईट गेली असेल किंवा अपडेटनंतरच सुरू झालं असेल, तर "अनइन्स्टॉल अपडेट्स" दाबा आणि आधी "क्वालिटी अपडेट" काढा. ते नाही जमलं तर "सिस्टिम रिस्टोअर", म्हणजे विंडोज आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीवर नेणं. त्यात तारखा दिसल्या तर नशीब. बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंदच असते. "स्टार्टअप रिपेअर" एकदा चालवून बघायला हरकत नाही. मला तिच्याकडून फार अपेक्षा नसते, पण ती सहसा काही बिघडवतही नाही.

मग "स्टार्टअप सेटिंग्ज", "रीस्टार्ट", आणि यादी आल्यावर ४ दाबलं की सेफ मोड, ५ दाबलं की इंटरनेटसह सेफ मोड. स्क्रीन पटकन निघून जात होती ना? याच यादीत ९ दाबलं तर एररनंतर मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही आणि कोड निवांत वाचता येतो. सेफ मोडमध्ये पिन चालत नसेल तर ५ वाला पर्याय घेऊन खात्याचा पासवर्ड टाका.

सेफ मोडमध्ये मशीन नीट चालतं, ही मोठी बातमी आहे: डिस्क आणि रॅम बहुधा ठीक, दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा. अलीकडे टाकलेलं काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. फोटोत फाइलचं नाव एनव्हीने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, आरटीने असेल तर बहुधा रिअलटेकचा नेटवर्क किंवा आवाजाचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, "रोल बॅक ड्रायव्हर"; ते बटण फिकट असेल तर अनइन्स्टॉल. एनटीओएसकेआरएनएल असं नाव असेल तर त्यावरून काही ठरवू नका, तो विंडोजचा गाभाच आहे आणि दुसऱ्याच्या चुकीत त्याचं नाव येतं.

१९ जुलै २०२४ ला जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अशीच सुरू होताना निळी पडली आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक बिघडलेली फाइल. उपाय: सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी एक फाइल डिलीट करायची. फॉर्मॅटची गरज नव्हती, पण बिटलॉकरची की हाताशी नसलेले मात्र अडकून पडले.

एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवायची खिडकी) "सेफ बूट"वर टिक केली असेल तर काम झाल्यावर ती आठवणीने काढा, नाहीतर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडेल.

आज्ञांची वेळ

सेफ मोडही उघडत नसेल तर परत कमांड प्रॉम्प्ट. आधी विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते बघा, कारण दुरुस्तीच्या पडद्यात सी ड्राइव्ह कधीकधी डी होऊन बसतो. "डिस्कपार्ट" एंटर, मग "लिस्ट", जागा, "व्हॉल". आकारावरून ओळखा, मग "एक्झिट". खाली मी सी धरून चाललोय.

"अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम" असा कोड असेल तर डिस्क तपासा: सी-एच-के-डी-एस-के, जागा, सी कोलन, जागा, स्लॅश एफ. डेटा बाहेर काढलेला असेल आणि वेळ असेल तर एफच्या जागी आर. मोठ्या जुन्या हार्ड डिस्कवर याला तासन्‌तास लागतात, तेव्हा यूपीएसच्या भरवशावर सुरू करू नका.

"क्रिटिकल प्रोसेस डाइड" किंवा फाइली खराब झाल्याची शंका असेल तर: एस-एफ-सी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ, जागा, स्लॅश ऑफबूटडिर, बरोबरचं चिन्ह, सी कोलन बॅकस्लॅश, जागा, स्लॅश ऑफविनडिर, बरोबरचं चिन्ह, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज. "रिपेअर पेंडिंग" असं सांगून ही आज्ञा नकार देत असेल तर अर्धवट अपडेट अडकलं आहे. तेव्हा: डी-आय-एस-एम, जागा, स्लॅश इमेज कोलन सी कोलन बॅकस्लॅश, जागा, स्लॅश क्लीनअप, लहान आडवी रेघ, इमेज, जागा, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स, आणि हे शेवटचे तीन शब्द जोडून. लाईट गेल्यामुळे अडकलेल्या अपडेटवर याच्याइतकी कामाची आज्ञा मला दुसरी माहीत नाही.

बूटची नोंद बिघडलेली असेल (तोच सहा शून्यांचा कोड), तर इंटरनेटवर सगळीकडे "बूटरेक" आणि "फिक्सबूट" सांगितलेलं आढळतं. नव्या यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनवर फिक्सबूट "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणून अडतं. त्यावर डोकं आपटू नका. डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमच्या यादीत फॅट३२ लिहिलेला, साधारण १०० एमबीचा छोटा भाग शोधा. "सिलेक्ट", जागा, "व्हॉल", जागा आणि त्याचा क्रमांक; मग "असाइन", जागा, "लेटर" बरोबर एस; मग एक्झिट. आता बी-सी-डी-बूट, जागा, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, जागा, स्लॅश एस, जागा, एस कोलन, जागा, स्लॅश एफ, जागा, यूईएफआय. "बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" आलं की रीस्टार्ट करा.

"मेमरी मॅनेजमेंट" आणि "पेज फॉल्ट" या कोडांसाठी आज्ञा चालवत बसू नका, आधी रॅमकडे परत जा. "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर" असेल तर उष्णता, एसएमपीएस आणि प्रोसेसर. तिथे कितीही फॉर्मॅट मारा, फरक पडत नाही.

तरीही नाहीच झालं तर

डेस्कटॉपपर्यंत मशीन येत असेल तर आहे त्या विंडोजवर तीच विंडोज परत बसवता येते: विंडोजची आयएसओ फाइल (अख्खी विंडोज बसवायची एकच फाइल) उघडून सेटअप चालवा आणि "कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स" निवडा. सॉफ्टवेअर, फॉन्ट, ड्रायव्हर बहुतांश राहतात. डेस्कटॉप येतच नसेल तर "रिसेट धिस पीसी"मधला "कीप माय फाइल्स". यात फाइली राहतात, सॉफ्टवेअर सगळं जातं. त्यानंतर उरतो तो पूर्ण फॉर्मॅट. नव्या इंटेल लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कच दिसली नाही तर ती मेली असं समजू नका. कंपनीच्या वेबसाइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" दाबा.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर काढलेले फोटो सोबत न्या आणि पावतीवर "विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये" असं लिहून घ्या. सेवा केंद्राच्या मशीनवर गावभरच्या लोकांचे आधार, पासबुक, सातबारे पडलेले असतात. बिघाड एसएमपीएसचा किंवा मदरबोर्डचा आहे हे कळलं असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचं मशीन द्या. ते भाग तपासायला तुमची डिस्क लागत नाही.

मशीन परत आलं किंवा घरीच सुरू झालं, की पूर्ण बंद करून, थंड होऊ देऊन, सगळी यूएसबी उपकरणं लावून पुन्हा सुरू करून बघा. गरम मशीन रीस्टार्ट होतं याने काही सिद्ध होत नाही. मग "सिस्टिम प्रोटेक्शन" चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा, बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा, आणि पीक विम्याची किंवा परीक्षेच्या फॉर्मची मुदत जवळ असेल तर विंडोज अपडेट तेवढ्यापुरतं "पॉज" करा.